घरपट्टीची आकारणी : हरकत आणि अपील

पिंपरी, चिंचवड, आकुर्डी व भोसरी या गावांची मिळून १९७० साली नगरपालिका स्थापन झाली आणि १९८२ साली तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले. कारखानदारीबरोबर आकुर्डीच्या जुन्या गावठाणाशेजारी कामगारांच्या भाड्याच्या खोल्या, लहान शेड आणि पुढे बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. एकाच आळीत मालक स्वतः राहतो ते घर, भाड्याने दिलेली खोली आणि दुकानाचा गाळा असे तिन्ही प्रकार आढळतात. घरपट्टीविषयीच्या तक्रारींचे मूळ बहुधा या सरमिसळीत असते. तळमजल्यावरील एका गाळ्यामुळे सगळे घर बिगरनिवासी धरले गेले, तर त्या कुटुंबावर दरवर्षी नाहक भार पडतो.

पूर्वी ‘मुंबई प्रांतिक’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार कराचा पाया करयोग्य मूल्य हा आहे. मिळकत वर्षाला वाजवीपणे जेवढ्या भाड्याने जाईल, त्या रकमेतून दुरुस्ती वगैरेंसाठी दहा टक्के वजा केले की हे मूल्य निघते. दरमहा १,००० रुपये भाडे धरले, तर वार्षिक १२,००० मधून १,२०० वजा होऊन करयोग्य मूल्य १०,८०० रुपये होते. कर या रकमेवर बसतो. भाडेनियंत्रणाखालील इमारतींच्या बाबतीत प्रमाणभाड्याहून अधिक भाडे गृहीत धरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० साली दिल्लीच्या एका प्रकरणात स्पष्ट केले आहे.

कराचा दर महापालिका दरवर्षी ठरवते. त्याविरुद्ध आयुक्तांकडे हरकत चालत नाही. हरकत असते ती मूल्याविरुद्ध. हा भेद ध्यानी न घेतल्याने पुष्कळ अर्ज ‘कर फार झाला’ एवढ्याच वाक्यावर संपतात व निष्फळ ठरतात.

आकारणी पुस्तक तयार झाले की जाहीर नोटीस निघते आणि हरकतींसाठी किमान एकवीस दिवसांची मुदत दिली जाते. मिळकतीची नोंद प्रथमच झाली असेल अथवा मूल्य वाढविले असेल, तर मालकाला किंवा भोगवटादाराला स्वतंत्र विशेष नोटीस द्यावी लागते. आपल्या मिळकतीपुरता पुस्तकातील उतारा विनामूल्य पाहता व उतरवून घेता येतो. अर्ज लिहिण्यापूर्वी हे काम अवश्य करावे. क्षेत्रफळ चुकीचे लिहिले गेले आहे की वापराचा प्रकार, हे तेथेच कळते.

अर्ज लेखी हवा आणि त्यात हरकतीची कारणे थोडक्यात पण पूर्णपणे नमूद केलेली हवीत. भाडेकरार, मंजूर नकाशा, बांधकाम पूर्णत्वाचा दाखला, तशाच बांधणीच्या शेजारील मिळकतीचे मूल्य अशा आधारांनी अर्जाला वजन येते. सुनावणीची तारीख अर्जदारास कळविली जाते. तो स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत हजर राहू शकतो. निर्णयाची नोंद ठेवून आवश्यक तो बदल पुस्तकात केला जातो.

या निर्णयाने समाधान न झाल्यास कलम ४०६ अन्वये पंधरा दिवसांच्या आत न्यायाधीशाकडे अपील करता येते. मात्र अगोदर हरकत घेऊन तिचा निकाल लागलेला असावा लागतो. मुदतीत हरकत न घेणारा पुढे कितीही सबळ पुरावा आणो, मूल्याविरुद्ध अपिलाचा मार्ग त्याला बंद झालेला असतो. दुसरी अट अधिक जाचक वाटते : मागणी केलेली कराची रक्कम आधी भरावी लागते. अहमदाबादच्या अनंत मिल्सच्या प्रकरणात १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने याच कायद्यातील ही अट वैध ठरविली. अपिलाचा हक्क कायद्याने दिलेला असल्याने कायदा त्याला अटी घालू शकतो, असा त्यामागील विचार होता. तुटपुंज्या वेतनावर जगणाऱ्या मालकाला हा युक्तिवाद पटणे कठीण. म्हणूनच त्याच्या दृष्टीने आयुक्तांपुढील सुनावणी हीच खरी संधी असते.

ग्रामपंचायत हद्दीत व्यवस्था निराळी आहे. तेथे आकारणीविरुद्धचे अपील पंचायत समितीकडे आणि त्यानंतरचे जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीकडे जाते. पंचायतीची हद्द महापालिकेत विलीन झाल्यावर जुन्या सवयीने पंचायत समितीकडे अर्ज नेणाऱ्याचे एकवीस दिवस फुकट जाण्याचा धोका असतो.