डीओआय नसलेल्या पुस्तकांची गोष्ट

सातारा-सांगलीकडे नेमका संदर्भ देण्याची शिस्त संगणकाच्या फार आधीची आहे. मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे खंड काढले. त्यात पटवर्धन सरदारांच्या दप्तरातल्या पत्रांना लेखांक दिलेले असल्यामुळे तेवढ्यावर पत्र आजही सापडते. वाईहून निघालेल्या विश्वकोशात (पहिला खंड १९७६) नोंदीच्या शेवटी ती लिहिणाऱ्याचे नाव असते. तरी कितीतरी प्रबंधांत संदर्भ म्हणून नुसतेच ‘मराठी विश्वकोश’!

पुढे संदर्भ टिपण्याच्या चिठ्ठ्या आणि वह्यांची जागा संगणकाने घेतली, पण संदर्भसूची श्रीलिपीसारख्या फाँटांत टंकलेली. युनिकोड आल्यावर त्या याद्या नव्या प्रणालीत चिकटवल्या, तर अक्षरांचा नुसता चिवडा. मग संदर्भनोंदी सांभाळणाऱ्या प्रणाली आल्या: २००६ मध्ये झोटेरो, २००८ मध्ये मेंडेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) २००९ च्या नियमांत प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत मागितली आणि हळूहळू महाविद्यालयांत या प्रणालींच्या कार्यशाळा भरू लागल्या. प्रात्यक्षिक ठरलेले: इंग्रजी शोधनिबंधाचा डीओआय, म्हणजे त्याचा कायमचा ओळखक्रमांक, टाकायचा, क्षणात सगळी माहिती हजर.

मराठीचा संशोधक घरी येऊन वाईच्या ‘नवभारत’ मासिकाचा जुना अंक उघडतो, तेव्हा त्या जादूचा उपयोग शून्य. डीओआय २००० नंतरचे, पुस्तकांचे आयएसबीएन क्रमांक १९७० नंतरचे. त्याआधी छापलेल्या पुस्तकावर हे क्रमांक असणार कुठून? यंत्र काही शोधून काढत नाही, आधी कुणीतरी भरून ठेवलेले आणून देते. आपल्या पुस्तकांचे कुणी भरलेलेच नाही. म्हणून ‘नवी नोंद’ उघडून रकाने हातानेच भरावे लागतात.

आणि खरी कसोटी तिथेच लागते. आडनावाच्या रकान्यात काय घालायचे? एका ठिकाणी ‘खरे, वासुदेव वामन’ आणि दुसरीकडे ‘वासुदेवशास्त्री खरे’ असे अख्खे नाव एकाच रकान्यात भरले, की यंत्राच्या लेखी ते दोन लेखक. ‘तर्कतीर्थ’ ही पदवी. ती लक्ष्मणशास्त्री जोशींच्या आडनावाच्या रकान्यात शिरली, तर अकारविल्हे यादीत जोशी भलतीकडेच जाऊन बसतात. ज्ञानेश्वरांचे नाव आडनावाविनाच लिहितात. त्यांच्यासाठी नावाचा एकच रकाना ठेवण्याची सोय झोटेरोत आहे, पण ती कार्यशाळेत क्वचितच सांगतात. मुखपृष्ठावर शके १८२० असेल, तर ७८ मिळवून १८९८ लिहिणे बहुधा बरोबर. मात्र पौष ते फाल्गुनात छापलेले पुस्तक १८९९ चेही असू शकते. शक तसाच टिपून ठेवावा, इसवी सन सोबत द्यावा. आवृत्ती, मुद्रणालय, मालेतला खंड हे सारे पुस्तक हातात घेऊनच भरता येते. दुसऱ्याच्या यादीतून उचललेली नोंद मला तरी नेहमी संशयास्पदच वाटते.

प्रत कोणत्या ग्रंथालयात पाहिली, तेही लिहावे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा ग्रंथालयांतली पुस्तकेही भिजली. दुर्मीळ पुस्तकाची दुसरी प्रत शोधायची, तर निदान पहिल्या प्रतीचा तपशील तरी हाती हवा.

तेव्हा प्रबंध संपला की भरलेल्या नोंदी आपल्याच संगणकात पडून राहू देऊ नका. झोटेरोच्या सामायिक गटात त्या टाका. पुढच्या विद्यार्थ्याने तेच मुखपृष्ठ पुन्हा टंकण्याचे कारण नाही.