पीएस-५ : जुनं मोठं मॉडेल घ्यावं की नवं 'स्लिम'? गावातल्या घरासाठी सोपा हिशेब

नागपूर : अंबिया बहाराची संत्री विकली, हातात चार पैसे आले की काटोल-नरखेडकडच्या घरांत पोट्ट्यांचं टुमणं सुरू होतं, "बाबा, प्लेस्टेशन घ्या ना!" उमरेड, मौदा, रामटेककडेही वेगळं नाही. मग एक दिवस बर्डीवर चक्कर होते. दुकानदार दोन डबे दाखवतो, एक जुना मोठा आणि एक नवा लहान. सेकंडहँड विकणारा तिसराच भाव सांगतो. मामला पन्नास हजारांच्या आसपासचा आहे. एकरभर कपाशीच्या बी-खताला लागतो त्याहून जास्त पैसा आहे हा. म्हणून जुन्या-नव्यात नेमका फरक काय आणि आपल्या गावच्या घराला त्यातलं काय उपयोगाचं, ते समजून घेऊ.

नंबर बदलला तर मशीन नवी, अंग बदललं तर मशीन तीच

सोनी कंपनीची ही जुनी पद्धत आहे. आधी एक मोठी मशीन काढायची आणि काही वर्षांनी तीच बारीक करून पुन्हा विकायची. पीएस-२ आली २००० साली. २००४ मध्ये तिचं स्लिम मॉडेल आलं. जुनीचं वजन दोन किलोच्या वर होतं, नवीचं एक किलोच्याही आत. पण आत हार्ड डिस्क बसवायची जागा गेली. पीएस-४ चं तसंच झालं. २०१६ च्या स्लिममधून होम थिएटरला जोडायचा ऑप्टिकल ऑडिओचा पॉइंट काढून टाकला.

पीएस-५ चीही तीच गोष्ट आहे. भारतात ती २ फेब्रुवारी २०२१ ला आली. स्लिम परदेशात २०२३ च्या शेवटी आणि आपल्याकडे ५ एप्रिल २०२४ ला आली. दोन्हींतला प्रोसेसर एकाच ताकदीचा आहे. जो गेम जुन्या मोठ्या पीएस-५ वर चालतो तोच स्लिमवर चालतो, तेवढ्याच वेगाने आणि तसाच दिसतो. त्यामुळे "नवी आहे, जास्त फास्ट आहे" असं कोणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पीएस-४ आणि पीएस-५ मध्ये मात्र खरोखर जमीन-अस्मानाचा फरक आहे, कारण तिथे नंबरच बदलला.

मग बदललं काय?

- वजन : डिस्कवाली जुनी पीएस-५ साडेचार किलोची होती, स्लिम ३.२ किलोची आहे. आकारही ३० टक्क्यांहून जास्त कमी झाला.
- जागा : जुनीत ८२५ जीबी, स्लिममध्ये १ टीबी. प्रत्यक्षात गेम टाकायला जुनीत सुमारे ६६७ आणि स्लिममध्ये सुमारे ८४२ जीबी मिळते. एक मोठा गेम १०० जीबीचा धरला तर जुनीत सहा बसतात, स्लिममध्ये आठ. पुढे कमी पडलं तर दोन्हींत वेगळी एसएसडी बसवता येते.
- डिस्क ड्राइव्ह : जुनीत ती कायमची बसवलेली आहे. स्लिममध्ये ती काढता-लावता येते.
- स्टँड : जुनीसोबत उभं ठेवायचा स्टँड डब्यातच यायचा. स्लिमसोबत आडवी ठेवायला छोटे पाय मिळतात, उभा स्टँड वेगळा विकत घ्यावा लागतो.
- यूएसबी : समोर जुनीला एक मोठा आणि एक टाइप-सी पॉइंट आहे. स्लिमला दोन्ही टाइप-सी आहेत. मोठे पॉइंट मागच्या बाजूला आहेत.

खरा प्रश्न : डिस्कवाली की बिनडिस्कची?

जुनी की नवी यापेक्षा हा प्रश्न मोठा आहे. पीएस-५ दोन प्रकारांत मिळते. एकीत डिस्क टाकता येते. दुसरी 'डिजिटल', तिच्यात डिस्कला जागाच नाही, सगळे गेम इंटरनेटवरून उतरवायचे. स्लिम भारतात आली तेव्हा डिस्कवालीची किंमत ५४,९९० रुपये होती आणि डिजिटलची ४४,९९० रुपये. आजचा भाव दुकानात विचारून घ्या. त्या वेळी फरक दहा हजारांचा होता आणि तो पाहून बरेच जण डिजिटल उचलतात.

इथेच गावातल्या माणसाने थांबून हिशेब करावा. मोबाइलच्या रिचार्जवर रोजचे २ जीबी मिळत असतील तर १०० जीबीचा एक गेम उतरवायला ५० दिवस लागतील, तेही घरात दुसऱ्या कोणी नेट वापरलं नाही तर. घरी फायबरचं अमर्याद कनेक्शन असेल तर गोष्ट वेगळी, मग डिजिटल चालून जाईल. नेट फक्त मोबाइलचं असेल तर डिस्कवालीच बरी. बहुतेक गेमचा मोठा भाग डिस्कवरूनच मशीनमध्ये जातो. नंतरचे अपडेट मात्र नेटवरूनच घ्यावे लागतात आणि काही गेमच्या डिस्कवर थोडाच भाग असतो, हेही लक्षात ठेवा.

दुसरा हिशेब पैशाचा. कंपनीचे मोठे नवे गेम ४,९९९ रुपयांपर्यंत विकले जातात. असे चार घेतले की वीस हजार झाले. डिस्क असेल तर खेळून झाल्यावर ती विकता येते, मित्राच्या डिस्कशी अदलाबदल करता येते. निम्म्या भावाने विकल्या तरी दहा हजार परत आले, म्हणजे सुरुवातीचा फरक तिथेच भरून निघाला. डिजिटल गेम विकता येत नाही. सेल लागला की तो स्वस्त मिळतो, पण एकदा घेतला की तुमच्याच खात्यात राहतो. घरात पीएस-४ च्या डिस्क पडल्या असतील तर त्या डिस्कवाल्या पीएस-५ वर जवळपास सगळ्या चालतात, डिजिटलवर त्यांचा उपयोग नाही. पीएस-२ आणि पीएस-३ च्या डिस्क मात्र पीएस-५ वर चालत नाहीत.

"आता डिजिटल स्लिम घेतो, पुढे ड्राइव्ह लावतो" असा विचार असेल तर ड्राइव्ह आपल्याकडे मिळते का आणि कितीला, ते आधी विचारा. ती पहिल्यांदा जोडताना एकदा इंटरनेट लागतंच. बिनडिस्कच्या जुन्या मोठ्या डिजिटलला तर ती नंतर लावताच येत नाही.

नागपूरचं ऊन आणि गावची लाइन

कंपनीच्या माहितीपत्रकात पीएस-५ वापरायचं तापमान ५ ते ३५ अंश दिलं आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात जातो. टिनाच्या खोलीत भर दुपारी जुनी असो की नवी, दोन्ही तापणार. कूलरची हवा खोलीत खेळू द्या, पण ओला झोत थेट मशीनवर नको. टीव्हीखालच्या बंद कपाटात ठेवू नका, मागे-बाजूला वीतभर जागा सोडा. उन्हाळ्यात सकाळी किंवा रात्री खेळलेलं बरं.

नवा गेम चालू असताना ही मशीन २०० वॅटच्या आसपास वीज घेते, साधारण एका मोठ्या कूलरइतकी. म्हणजे पाच तासांत एक युनिट. रोज दोन तास खेळलं तर महिन्याला बारा युनिट, टीव्हीचे वेगळे. यात जुन्या-नव्यात फार फरक नाही. गेम सेव्ह होत असताना लाइन गेली तर डेटा खराब होऊ शकतो. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्ही आणि मशीन दोन्ही त्यावर घ्या, आणि त्याआधी इन्व्हर्टर तेवढा भार ओढतो का ते पाहा.

टीव्ही कोणता आहे?

पीएस-५ ला फक्त एचडीएमआय पॉइंट आहे. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांच्या जुन्या डब्बा टीव्हीला ती थेट लागत नाही. ३२ इंची साध्या एलईडीवर छान चालते, पण ४के चित्राचा फायदा तिथे दिसणार नाही.

सेकंडहँड घेताना

- समोर डिस्क टाकून गेम चालवून पाहा. पंधरा-वीस मिनिटं चालू ठेवा, पंख्याचा खरखराट ऐका.
- रिमोटच्या दोन्ही काड्या सोडल्यावर स्क्रीनवरचा माणूस आपोआप सरकत असेल तर काडी गेली समजा.
- आधीच्या मालकाचं खातं काढून मशीन रिसेट करून घ्या. मग स्वतःचं खाते टाकून नेटला जोडून पाहा. बंदी घातलेली मशीन ऑनलाइन जात नाही.
- बिल मागा, त्यावरचा आणि मशीनवरचा सिरियल नंबर जुळवा.
- मशीन उघडून दुरुस्त केलेली असेल तर सांभाळून. चिप थंड ठेवायला आत पातळ धातू भरलेला असतो, तो सांडला तर मशीन गेली. म्हणून मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे उघडायलाही देऊ नका.

आणखी एक. बाजारात अगदी पीएस-५ सारखी दिसणारी स्वस्त खेळणी मिळतात. आत तेच जुने मारिओ-काँट्राच्या जमान्यातले ८-बिट गेम असतात. 'दहा हजार गेम' म्हणून विकली जाणारी स्टिकही त्याच जातीची. लहान पोरांच्या करमणुकीला ठीक, पण ते प्लेस्टेशन नव्हे. 'पीएस-५ प्रो' नोव्हेंबर २०२४ मध्ये परदेशात आली तेव्हा कंपनीने ती भारतात आणली नव्हती, कारण तिच्या वाय-फायला लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झ लहरींना तेव्हा इथे परवानगी नव्हती. म्हणून कोणी प्रो दाखवली तर भारतातली वॉरंटी आहे का, ते आधी लेखी घ्या.

मग घ्यावं काय?

नवीच घ्यायची तर डिस्कवाली स्लिम घ्या. जुनी मोठी डिस्कवाली चांगल्या अवस्थेत, बिलासह आणि बऱ्याच कमी भावात मिळत असेल तर बिनधास्त घ्या, गेम तेच चालतील. भावात दोन-तीन हजारांचाच फरक असेल तर जुनी नको, वॉरंटीवाली स्लिम परवडली. डिजिटल फक्त त्यांनीच घ्यावी, ज्यांच्या घरी फायबर आहे. आणि पैसे देण्याआधी पोट्ट्याला एवढंच विचारा, "बाबू, यात डिस्क जाते का?"