मारवेल की मारवेलसारखं दुसरंच? गवत ओळखायचं तर पान नको, तुरा पाहा!

पावसाळा सरत आला की माळरानावर बोटांसारखे फुटलेले जांभळट तुरे डोलू लागतात. चाऱ्यासाठी किंवा कुरण पुन्हा उभं करण्यासाठी गवताचं बी गोळा करणाऱ्यांची लगबग याच दिवसांत सुरू होते. त्यात सर्वाधिक मागणी मारवेलला. पण पिशवीत आलेलं बी खरंच मारवेलचं आहे का? कारण त्याच माळावर, त्याच दिवसांत, जवळपास तसाच तुरा मिरवणारे त्याचे भाऊबंदही उभे असतात.

नाव चुकलं तर काय बिघडतं?

ही बहुवर्षायू गवतं आहेत. एकदा रुजली की त्याच बुंध्यातून दरवर्षी फुटतात. म्हणजे चुकीचं बी पेरलं तर एका हंगामात सुटका होत नाही.

मारवेलचं शास्त्रीय नाव डायकँथियम ॲन्युलेटम. चांगल्या जमिनीत ते मीटरभर वाढतं आणि कापून वैरण साठवता येते. त्याच्यासारखंच दिसणारं बोथ्रिओक्लोआ पर्टुसा मात्र जमिनीलगत धावतं. जनावरं तेही खातात, पण विळ्याला फारसं काही लागत नाही.

दुसरा मुद्दा कुरणाच्या तब्येतीचा. दाबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ मध्ये देशातल्या गवताळ प्रदेशांचं वर्गीकरण मांडलं. त्यात महाराष्ट्रासह दख्खनचा मोठा भाग 'सेहिमा-डायकँथियम' पट्ट्यात येतो. म्हणजे मारवेलचं कुळ ही इथल्या माळांची मूळ ओळख. चराई बेसुमार झाली की उंच गवतं मागे पडतात आणि पर्टुसासारखी सरपटणारी गवतं जागा घेतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये तर याच पर्टुसाने कुरणांचे मोठे पट्टे व्यापले आहेत. तिथे त्याला 'इंडियन काउच' म्हणतात. त्यामुळे माळावर दोघांपैकी कोण वाढतंय, हे कळणं गरजेचं आहे.

पानावरून का कळत नाही?

पानाची लांबी, रुंदी आणि रंग पाऊस, सावली आणि चराईनुसार बदलतात. चरलेलं मारवेल बुटकं दिसतं, कुंपणाआड वाचलेलं पर्टुसा उंच दिसतं. खरी खूण तुऱ्यात असते, कारण तुऱ्याची रचना सहसा बदलत नाही.

ओळखायचं कसं?

१) खोडावरची गाठ: मारवेलच्या गाठीभोवती पांढऱ्या केसांचं कडं असतं. 'ॲन्युलेटम' म्हणजे कडं असलेलं. पण थांबा, पर्टुसाच्या गाठीवरही केस असू शकतात. त्यामुळे एवढ्यावर निकाल देऊ नका.

२) उजेडाची चाचणी: तुऱ्याचं एक बोट तोडून उजेडासमोर धरा. दाण्यांच्या मधल्या बारीक काडीवर उभी, अर्धपारदर्शक रेघ दिसली तर ते बोथ्रिओक्लोआ. काडी सलग, भरीव दिसली तर डायकँथियम. दोन्ही कुळं वेगळी करणारी ही सर्वांत भरवशाची खूण आहे.

३) सर्वांत खालचे दाणे: तुऱ्यावर दाणे जोडीने लागतात, एक देठाचा आणि एक बिनदेठाचा. मारवेलमध्ये बोटाच्या तळाच्या काही जोड्यांना बहुतेक वेळा कुसळ नसतं. बोथ्रिओक्लोआमध्ये तळापासूनच बिनदेठाच्या दाण्याला कुसळ असतं.

४) टोचल्यासारखा खड्डा: पर्टुसाच्या बिनदेठाच्या दाण्याच्या बाहेरच्या टरफलावर सुईने टोचल्यासारखा खड्डा असतो. 'पर्टुसा' म्हणजेच छिद्र पडलेलं. मात्र डायकँथियम कुळातल्या फोविओलेटम या जातीतही असा खड्डा असतो. म्हणून आधी रेघ पाहा, मग खड्डा.

५) तुऱ्याखालचा दांडा: मारवेल आणि त्याचं सख्खं भावंड डायकँथियम ॲरिस्टेटम यांत गोंधळ झाला तर बोटं जिथून फुटतात त्याच्या लगेच खाली पाहा. मारवेलचा दांडा गुळगुळीत, ॲरिस्टेटमचा केसाळ.

तरीही ठरत नसेल तर?

कधी कधी दोष पाहणाऱ्याचा नसतो. जॅक हार्लन आणि जे. एम. जे. डी वेट या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये याच गवतांवरून एक संकल्पना मांडली. बोथ्रिओक्लोआची एक जात (आजचं नाव ब्लाधी) मारवेलसह आसपासच्या नातेवाइकांशी संकर करून त्यांची जनुकं स्वतःत सामावून घेते, असं त्यांना आढळलं होतं. त्यातच यातली अनेक गवतं फलनाविना, आईची हुबेहूब नक्कल असलेलं बी तयार करतात. त्यामुळे एखादं मधलंच रूप तयार झालं तरी ते पुसलं न जाता पिढ्यान् पिढ्या टिकतं. अशा झाडाला ओढूनताणून एक नाव देण्यापेक्षा त्याचं बी बाजूला ठेवलेलं बरं.

मोबाइलने फोटो काढताना

एका पानाच्या फोटोवरून ॲपने सांगितलेलं नाव पक्कं धरू नका. त्याऐवजी चार फोटो घ्या: पूर्ण बुंधा, खोडावरची गाठ, संपूर्ण तुरा आणि उजेडासमोर धरलेलं एक बोट. शेवटच्या फोटोसाठी मॅक्रो मोड वापरा किंवा कॅमेऱ्यापुढे दहापट मोठं दाखवणारं भिंग धरा. तुरा आणि गाठीसह एक काडी वर्तमानपत्रात दाबून ठेवा, सोबत ठिकाण आणि तारीख लिहा. पुण्यातलं भारतीय वनस्पती सर्वेक्षण किंवा मुंबईतल्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातलं ब्लाटर हर्बेरियम इथे असे वाळवलेले नमुने जपलेले आहेत. तुमच्या काडीची तुलना अशाच नमुन्यांशी होते.

थोडक्यात, बी गोळा करण्याआधी प्रत्येक ठिकाणचा एक तुरा उजेडासमोर धरा. दोन मिनिटांचं हे काम टाळलं तर चूक कळेपर्यंत ती शेतात मुळं धरून बसलेली असते.