वाट वाकडी, पोच लवकर

दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यातले अंतर किती, या साध्या प्रश्नाला एकच उत्तर नाही. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो हिमालय, तिबेट आणि सैबेरिया ओलांडतो, आर्क्टिक महासागरावरून जातो आणि अलास्कामार्गे खाली उतरतो. ही सर्वांत जवळची वाट. सुमारे १२,४०० किलोमीटर. पण विमान दोऱ्यावरून चालत नाही. केबिनमधला हवेचा दाब गेला, तर विमानाला तातडीने तीन किलोमीटर उंचीपर्यंत खाली यावे लागते. तिबेटचे पठारच सरासरी साडेचार किलोमीटर उंच. तिथे उतरणार कुठे?

एअर इंडियाचे विमान पूर्वी अटलांटिकवरून जाई. ऑक्टोबर २०१६मध्ये ते उलट्या दिशेने, पॅसिफिकवरून गेले. अटलांटिकची वाट सुमारे १३,९०० किलोमीटरची, पॅसिफिकची १५,३००. वाट १,४०० किलोमीटरनी वाढली. वेळ मात्र सुमारे दोन तासांनी घटला, साडेसोळावरून साडेचौदावर आला.

मी भागाकार करून पाहिला. पहिल्या वाटेवर सरासरी वेग ताशी सुमारे ८४० किलोमीटर येतो, दुसरीवर १,०५५. विमानाची ताकद वाढली नव्हती. फरक वाऱ्याचा होता.

पृथ्वी पूर्वेकडे फिरते म्हणून पश्चिमेला जाणारे विमान लवकर पोहोचेल, असे अनेकांना वाटते. पण वातावरणही पृथ्वीबरोबरच फिरते. खरा कारभार दहा-बारा किलोमीटर उंचीवरच्या, पश्चिमेकडून पूर्वेकडे धावणाऱ्या अरुंद वायुप्रवाहाचा, म्हणजे जेट स्ट्रीमचा. उष्ण विषुववृत्त आणि थंड ध्रुव यांच्या तापमानातील फरकातून आणि पृथ्वीच्या परिवलनातून तो जन्मतो. जपानच्या आकाशात हिवाळ्यात तो फार जोमात असतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी १९२०च्या दशकात फुगे सोडून तो मोजला आणि निष्कर्ष एस्पेरान्तो भाषेत छापले. जगाला कळावे म्हणून निवडलेल्या त्या भाषेमुळेच ते फारसे कुणी वाचले नाहीत. १९४४मध्ये जपानवर चाल करून आलेल्या अमेरिकी बी-२९ विमानांना हा वारा झोंबला, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याची जाण आली.

घड्याळाची गंमत वेगळीच. ऑक्टोबरात सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असते. पहाटे चारला निघून साडेचौदा तास उडालेला प्रवासी तिथे त्याच तारखेला सकाळी सहाला उतरतो. घड्याळाच्या हिशेबात दोनच तास. शरीराच्या हिशेबात मात्र संध्याकाळचे साडेसहा.

वाऱ्याइतकेच राजकारणही अंतर ठरवते. एप्रिल २०२५मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले आणि दिल्लीहून पश्चिमेकडे जाणाऱ्या वाटा एका रात्रीत लांबल्या. शहरे जागची हलली नव्हती.

ज्यांची मुले-नातवंडे तिकडे आहेत, अशी घरे आता महाराष्ट्रात गावोगावी आहेत. त्यांच्यासाठी अंतर किलोमीटरमध्ये नसतेच. ते वारा, इंधन आणि शेजाऱ्याची परवानगी यांत मोजले जाते. आणि यांतले एकही आपल्या हातात नाही.