सर्व्हर बंद आहे, थोड्या वेळाने प्रयत्न करा



मागच्या पॉटलकला जेवणाच्या रांगेत एका ताईंनी मला गाठलं. "तू कॉम्प्युटरमधला ना? मग सांग, हे ऑनलाइन गेम सारखे बंद का असतात? आणि गेम बंद असला की आमचा मुलगा घर डोक्यावर का घेतो?" रांगेत उभं राहून जमेल तेवढं सांगितलं, पण पुरीभाजीपुढे सर्व्हरचं काय चालणार! म्हणून हा लेख. आपल्यापैकी बऱ्याच घरांत आठ ते अठरा वयाचं कोणीतरी रोज संध्याकाळी हेडफोन लावून बसलेलं असतं, तेव्हा विषय सगळ्यांच्याच कामाचा आहे.

आधी एक फरक. गेम बंद पडणं वेगळं आणि बंद ठेवणं वेगळं. बंद ठेवतात त्याला मेंटेनन्स म्हणतात. तो आधी जाहीर केलेला असतो, त्याची वेळ ठरलेली असते. डोकेदुखी सुरू होते ती जाहीर केलेली वेळ संपूनही दार उघडत नाही तेव्हा.

आता तुम्ही म्हणाल, आमची ईमेल तर कधी बंद नसते, मग गेमलाच काय झालं? ईमेल हजारो मशीनवर चालते. त्यातली थोडी बाजूला काढायची, दुरुस्त करायची, परत लावायची आणि मग पुढची घ्यायची. तुम्हाला पत्ताही लागत नाही. ऑनलाइन गेमचं तसं नसतं. तिथे एक जिवंत जग चालू असतं. कोण कुठे उभा आहे, राक्षसाची किती ताकद उरली आहे, कोणाच्या पिशवीत काय आहे, हे सगळं त्या क्षणी सर्व्हरच्या मेमरीत असतं. त्या जगातल्या प्रत्येकाकडे गेमची एकच आवृत्ती असावी लागते. निम्मे लोक जुन्या आवृत्तीत आणि निम्मे नव्या आवृत्तीत खेळले तर एकाची तलवार दुसऱ्याला दिसणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे एका तलवारीच्या दोन होतील. तुम्हाला वाटेल, होऊ देत की! पण या गेममध्ये बाजार असतो, खरेदी-विक्री असते. फुकटचा माल तयार व्हायला लागला की लोकांनी वर्षभर खपून मिळवलेल्या वस्तूंची किंमत बघता बघता शून्य होते. म्हणून दुकानदार जसा शटर ओढून मालाची मोजणी करतो तसं सगळ्यांना बाहेर काढतात, डेटाबेसची प्रत काढून ठेवतात, बदल करतात, तपासतात आणि मग दार उघडतात.

'ईव्ह ऑनलाइन' हा आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा गेम २००३ साली सुरू झाला. त्यात जवळजवळ सगळे खेळाडू एकाच विश्वात खेळतात. हे विश्व रोज ग्रिनिच वेळेप्रमाणे ११ वाजता बंद होतं. पूर्वी तासभर बंद असायचं, आता काही मिनिटांत उरकतं. आपल्याकडे न्यू जर्सीत तेव्हा सकाळचे सहा किंवा सात, म्हणजे कोणालाच त्रास नाही. सिडनीत मात्र रात्रीचे नऊ किंवा दहा! 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'चंही तेच. नोव्हेंबर २००४ मध्ये इथे सुरू झालेल्या या गेमचा अमेरिकेतला मेंटेनन्सचा वार मंगळवार. मुलं शाळेत, मोठी माणसं ऑफिसात, तेव्हा साफसफाई करून घ्यायची. पण ऑस्ट्रेलियातल्या खेळाडूंचे सर्व्हरही २०१४ पर्यंत अमेरिकेतच होते. त्यांची मंगळवारची रात्र दर आठवड्याला साफसफाईत जायची. कुठलीही वेळ निवडा, पृथ्वीवर कुठेतरी ती जेवणानंतरचीच वेळ असते.

आता वेळ वाढते का? हा माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. मी गेमच्या कंपनीत नाही, पण मेंटेनन्सच्या रात्री मीही बऱ्याच जागवल्या आहेत. समजा चार तास मिळाले आहेत. त्यात अर्धा वेळ बदल करायला, मग तपासणी, आणि काही बिघडलं तर सगळं पूर्वीसारखं करायला लागणारा वेळ राखून ठेवायचा. जाणता माणूस मध्येच एक रेघ आखतो, की अमुक वाजेपर्यंत झालं नाही तर मागे फिरायचं. अडचण ही, की काही बदलांतून मागे फिरता येत नाही. लाखो खेळाडूंच्या नोंदी नव्या साच्यात घालताना साठ टक्क्यांवर काम अडलं, तर पुढे जायलाही वेळ आणि मागे यायलाही वेळ. शिवाय चाचणीच्या मशीनवर जे वीस मिनिटांत झालं ते खऱ्या डेटावर तीन तास घेतं, कारण खऱ्या डेटात दहा वर्षांचा कचरा असतो. तेवढ्यात वरून फोन येतो, "लोकांना किती वाजता सांगू?" बिघाडाचं कारण अजून कोणालाच माहीत नसतं, पण आकडा तर द्यायला हवा. म्हणून "आणखी दोन तास" असं लिहिलं जातं. दोन तासांनी पुन्हा तेच. जगभरातल्या खेळाडूंचा संताप होतो तो याच दोन तासांवर.

जाहीर न करता बंद पडण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे 'रोब्लॉक्स'. तुमच्या घरातल्या छोट्या मंडळींना विचारा, अजून आठवत असेल. २८ ऑक्टोबर २०२१ ला दुपारी गेम बंद पडला तो थेट ३१ तारखेच्या संध्याकाळी पूर्ववत झाला. ७३ तास, आणि तेही ऐन हॅलोविनच्या वीकेंडला! एका रेस्टॉरंटच्या फुकट बरिटोच्या जाहिरातीमुळे गर्दी झाली अशी अफवा उठली होती, पण ते खरं नव्हतं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये कंपनीने सविस्तर कारण प्रसिद्ध केलं. ते वाचण्यासारखं आहे.

त्यांच्या हजारो सर्व्हरना एकमेकांचा पत्ता सांगणारी 'कॉन्सल' नावाची प्रणाली होती, एक प्रकारची टेलिफोन डिरेक्टरीच म्हणा. तिच्यात नव्याने चालू केलेली एक सोय प्रचंड वर्दळीत गुदमरू लागली. इंजिनीअरांना वाटलं मशीन कमी पडतंय, म्हणून त्यांनी दुप्पट कोअरची मशीन लावली. गंमत म्हणजे त्याने प्रश्न आणखी बिकट झाला, कारण एकाच दारातून आत शिरायला धडपडणारे दुप्पट झाले! त्यातच दुसरा दोष. ही प्रणाली आपल्या नोंदी ज्या फाइलमध्ये ठेवत असे ती ४.२ जीबीची झाली होती आणि त्यात खरा मजकूर होता जेमतेम ४८९ एमबी. बाकी सगळी रिकामी पानं. पण प्रत्येक नवी नोंद करताना कुठली कुठली पानं रिकामी आहेत याची अख्खी यादी पुन्हा लिहिली जाई. १६ केबीची नोंद करायला ७.८ एमबीचं लिखाण! आपण वहीत एक ओळ लिहावी आणि त्यासाठी दर वेळी वहीची पूर्ण अनुक्रमणिका नव्याने लिहून काढावी, तसंच हे. भरीस भर म्हणजे बिघाड कुठे आहे हे दाखवणारी त्यांची यंत्रणाही याच डिरेक्टरीवर अवलंबून होती. म्हणजे घरातले दिवे गेले आणि टॉर्च त्याच प्लगला लावलेला. दुरुस्ती झाल्यावरही एकदम दार उघडता आलं नाही. खेळाडूंना थोडे थोडे करून आत घेतलं, नाहीतर सगळं पुन्हा कोसळलं असतं. इतकं होऊनही कोणाचा डेटा गेला नाही, हे मला तरी फार मोठं वाटतं.

आता ताईंचा दुसरा प्रश्न. मुलं एवढी चिडतात का? "एक दिवस नाही खेळला तर काय बिघडलं, बाहेर जा जरा!" असं आपण पटकन म्हणतो. (मीही म्हणतो.) पण लोक नेमके कशावर चिडले हे पाहिलं तर बंद असण्यापेक्षा न सांगण्याचा राग जास्त दिसतो. एप्रिल २०११ मध्ये सोनीचं प्लेस्टेशन नेटवर्क २० तारखेला बंद झालं आणि मेच्या मध्यापर्यंत जवळजवळ सव्वातीन आठवडे बंद राहिलं. सुमारे ७.७ कोटी खात्यांचा प्रश्न होता. चोरांनी ग्राहकांची माहिती पळवली आहे हे सोनीने सांगितलं २६ तारखेला. खेळ गेला याचं दुःख होतंच, पण ते सहा दिवस लोक विसरले नाहीत. याउलट डिसेंबर २०२१ मध्ये 'फायनल फँटसी १४'च्या नव्या भागाला एवढी गर्दी झाली की आत शिरायला तासन् तास रांग, आणि कधी कधी रांगेतूनच हकालपट्टी. निर्माते नाओकी योशिदा यांनी चिपच्या टंचाईमुळे नवे सर्व्हर लावता येत नाहीत हे स्पष्ट लिहिलं, पैसे भरणाऱ्या खेळाडूंना आधी ७ आणि मग आणखी १४ दिवस मोफत दिले आणि काही काळ गेमची विक्रीच थांबवली. लोक चिडले होतेच, पण बऱ्याच जणांनी सांभाळून घेतलं.

आणि आपल्या घरांपुरतं एक वेगळं कारण आहे. इथल्या कितीतरी मुलांचं पुण्या-नाशिकच्या मावसभावाशी, आतेबहिणीशी बोलणं होतं ते गेममध्येच. फोनवर "कसा आहेस?" "बरा आहे." यापुढे गाडी जात नाही, पण एकत्र किल्ला बांधताना दोघं तासभर बडबडतात, आणि आश्चर्य म्हणजे अर्धं मराठीत! तिकडे क्लास, इकडे सॉकर, मध्ये साडेनऊ-साडेदहा तासांचा फरक. आठवड्यात एकच तास जुळतो, शनिवारी सकाळी. तो तास "आणखी दोन तास" या पाटीत गेला तर भेट पुढच्या शनिवारवर जाते. मुलगा तेव्हा गेमसाठी ओरडतोय असं आपल्याला वाटतं.

करता येण्यासारखं थोडं आहे. भेटीची वेळ ठरवण्याआधी त्या गेमचं मेंटेनन्सचं वेळापत्रक आणि स्टेटस पान बघून ठेवा. मोठा अपडेट ज्या आठवड्यात येणार असेल त्या आठवड्यात दुसरा एखादा गेम किंवा साधा व्हिडिओ कॉल हाताशी असू द्या. गेम बंद असताना "भरपाई म्हणून फुकट रोबक्स" वगैरे लिंक येतात, त्यात पासवर्ड अजिबात टाकू देऊ नका, खरी भरपाई गेममध्ये आपोआप जमा होते. मंगळवारी सकाळी दहाला इथे मुलं शाळेत असतात, पण तेव्हा पुण्यात संध्याकाळचे साडेसात झालेले असतात आणि तिकडचा भाऊ नेमका मेंटेनन्समध्ये अडकतो, हेही लक्षात ठेवा. नोव्हेंबरात आपली घड्याळं मागे गेली की शनिवारच्या नऊला तिकडे साडेसहाऐवजी साडेसात वाजलेले असतील, तेव्हा तिकडच्या जेवणाची वेळ एकदा मावशीला विचारून घ्या.