तांब्याने जोडलेले कार्बन

1869 साली बॉनमध्ये केकुलेंच्या प्रयोगशाळेत कार्ल ग्लेझर या तरुण रसायनशास्त्रज्ञाने फिनाइलअसेटिलीनचा तांब्याशी झालेला पिवळा क्षार अमोनियात हवेवर ठेवला. ऑक्सिजनने आपलं काम केलं. दोन रेणू टोकाला टोक लागून जोडले गेले आणि मध्ये दोन तिहेरी बंध शेजारी-शेजारी आले. कार्बनला कार्बन जोडणं हे सेंद्रिय रसायनातलं अवघड काम. ते इथे तांबं आणि हवा यांवर भागलं.

तिहेरी बंध असलेल्या रेणूच्या, म्हणजे अल्काइनच्या, टोकाचा हायड्रोजन थोडा आम्लधर्मी असतो, पण साध्या अमाइनने तो निघत नाही. त्यासाठी लागणारी ताकद अमाइनजवळच्या ताकदीच्या अब्जावधी पट आहे. तांबं तिहेरी बंधाला चिकटलं की तो हायड्रोजन सैल होतो, अमाइन तो सहज उचलतं आणि त्या जागी तांबं बसतं. पुढची सगळी करामत या तांबे-असेटिलाइडवर चालते.

ते बेभरवशाचंही आहे. खुद्द असेटिलीनचं तांबडं-तपकिरी असेटिलाइड कोरडं झालं की धक्क्याने फुटतं, म्हणूनच असेटिलीनच्या वाहिनीत शुद्ध तांब्याची नळी घालत नाहीत.

बायरने 1882 मध्ये म्युनिकमध्ये हीच जोडणी निळीच्या संश्लेषणासाठी वापरली. कारखान्यातली नीळ मात्र पुढे वेगळ्या मार्गाने आली. 1956 मध्ये एग्लिंटन आणि गॅलब्रेथ यांनी कॉपर अ‍ॅसिटेट आणि पिरिडीन वापरून हे काम एकाच द्रावणात आणलं. त्यांच्या पद्धतीचा मला सर्वांत आवडणारा उपयोग झॉन्डहाइमर यांनी केला: 1,5-हेक्साडाइनचे तीन रेणू जोडून 18 कार्बनांचं कडं बांधलं आणि त्यातून [18]अ‍ॅन्युलीन मिळवलं. एवढ्या मोठ्या कड्यातही बेंझीनसारखी अ‍ॅरोमॅटिकता असू शकते, हा हकलचा अंदाज त्यामुळे तपासता आला. 1962 मध्ये हे (Hay) या रसायनशास्त्रज्ञाने टीएमईडीए हे अमाइन वापरून थोड्याशा तांब्यावरच काम भागवलं.

या सगळ्यांत दोन सारखी टोकं जुळतात. वेगवेगळे तुकडे जोडायचे असतील तर? कादियो आणि खोदकिएविच यांनी एका अल्काइनवर ब्रोमिन लावून वाट काढली. 1963 मध्ये स्टीफन्स आणि कॅस्ट्रो यांनी तांबे-असेटिलाइड आयोडोबेंझीनसारख्या रेणूशी पिरिडीनमध्ये उकळून जोडलं, पण त्यासाठी तो धोक्याचा क्षार आधी वेगळा करावा लागे. 1975 मध्ये ओसाकात सोनोगाशिरा, तोहदा आणि हागिहारा यांनी पॅलेडियम आणलं, तांबं किंचितच ठेवलं आणि असेटिलाइड द्रावणातच बनू दिलं. तयार झालं की ते लगेच पॅलेडियमकडे सुपूर्द होतं. ही प्रक्रिया खोलीच्या तापमानाला चालली. नायट्यावरच्या टर्बिनाफिन या औषधातला दुहेरी-तिहेरी बंधांचा सांगाडा या मार्गाने जोडता येतो.

2010 चं नोबेल पॅलेडियमच्या जोडण्यांसाठी हेक, नेगिशी आणि सुझुकी यांना मिळालं. सोनोगाशिरांच्या पद्धतीत मात्र तांब्याचा वाटा दुय्यम मानणं मला अन्यायाचं वाटतं. हायड्रोजन सैल करण्याचं पहिलं काम तेच करतं.

या पद्धतीत हवा शिरली की ग्लेझरची जुनी जोडणी सुरू होते आणि महागडं अल्काइन स्वतःलाच जोडून वाया जातं. म्हणून संशोधक द्रावणातून आर्गन बुडबुडवतात, फ्लास्कवर आर्गनचा फुगा लावतात आणि अल्काइन शेवटी, थेंबाथेंबाने सोडतात.