घरच्या घरी ध्वनिमुद्रण : भंवरकुआंच्या एका खोलीतील अनुभव

स्मरणिकेसाठी दरवर्षी मी मधुमेहावर किंवा रक्तदाबावर लिहितो आणि आपली डॉक्टर मंडळी तो लेख सोडून थेट छायाचित्रांकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. यंदा संपादकांनी छंदावर लिहिण्याची मुभा दिली. माझा छंद घरी गाणे ध्वनिमुद्रित करण्याचा. त्याचा वैद्यकाशी संबंध येईल असे मला कधी वाटले नव्हते. तो कसा आला, तेही या ओघात सांगतो.

इंदूरकरांना हा नाद नवा नाही. उस्ताद अमीर खाँसाहेब आणि कुमार गंधर्व यांच्या कितीतरी खासगी मैफली आज ऐकायला मिळतात, त्या रसिकांनी स्पूलच्या यंत्रावर टिपून ठेवल्या म्हणून. एकाच वेळी सारे वाजवून-गाऊन टिपायचे, एवढेच तेव्हा घरी शक्य होते. १९७९ साली टॅस्कॅम या जपानी कंपनीने ‘पोर्टास्टुडिओ’ आणला आणि साध्या कॅसेटवर चार स्वतंत्र ट्रॅक घेण्याची सोय झाली. आधी तानपुरा, मग तबला, मग गायन, असे एकावर एक थर देता येऊ लागले. पुढे कॅसेटच्या जागी मेमरी कार्ड आले. मी २००५ साली घेतलेला आठ ट्रॅकचा रेकॉर्डर त्याच कुळातला. त्यानंतर संगणक आला, आणि त्याच्या पाठोपाठ मिडी की-बोर्ड.

ही सामग्री बरीच वर्षे हौसेपुरती होती. २०१८ च्या आरंभी माझ्या थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, थायरॉइडची गाठ वाढल्याचे आढळले आणि शस्त्रक्रिया ठरली. ताई नाट्यगीते, भावगीते गाते आणि घरी पाच-सहा मुलींना शिकविते. थायरॉइडच्या वरच्या ध्रुवाजवळून सुपीरियर लॅरिंजियल नर्व्हची बाह्य शाखा जाते आणि ती क्रिकोथायरॉइड स्नायूला चालना देते, हे आपण सारे पहिल्या वर्षी शिकतो. हा स्नायू स्वरतंतू ताणतो. वरचे सूर त्याच्या भरवशावर असतात. बोलणाऱ्याला त्याची उणीव जाणवणारही नाही, गाणाऱ्याला जाणवेल. ऑपेरा गायिका अमेलिता गाल्ली-कुर्ची हिची १९३५ मधील गलगंडाची शस्त्रक्रिया या संदर्भात शल्यचिकित्सक पिढ्यानपिढ्या सांगत आले. तिचा आवाज त्यामुळेच गेला का, यावर पुढे शंका घेतली गेली; पण धाक कायम राहिला. ताईला मी हे सगळे सांगितले नाही. ती आपणहून म्हणाली, “तुझी ती यंत्रं धूळ खात पडली आहेत. एकदा माझं गाणं नीट घेऊन ठेव.” हातात तीन आठवडे होते.

पहिली अडचण खोलीची. आमचे घर भंवरकुआं चौकापासून हाकेच्या अंतरावर. एका अंगाला आग्रा-मुंबई मार्ग, दुसऱ्या अंगाला विद्यापीठाकडे जाणारा खंडवा रस्ता आणि मधल्या गल्ल्यांत शिकवणी वर्गांच्या मुलामुलींची पहाटेपासून वर्दळ. नवशिका प्रथम महागडा माइक घेतो. मीही घेतला होता. प्रत्यक्षात माइक जितका संवेदनशील, तितका रस्ता अधिक ऐकू येतो. आम्ही रस्त्यापासून दूरची, आतली खोली निवडली. तिच्या उघड्या भिंतींवर रजया टांगल्या, खाली सतरंजीवर गादी घातली आणि कपड्यांनी भरलेले कपाट ताईच्या समोर सताड उघडे ठेवले. आवाज माइककडे जाऊन पुढच्या भिंतीवर आपटतो आणि परततो. तो परतीचा आवाज शोषला गेला म्हणजे गाणे स्वच्छ येते. माइक एका दिशेने ऐकणारा होता, त्याची पाठ खिडकीकडे केली आणि तोंडापासून एक वीत अंतर ठेवले. वेळ निवडली रात्री साडेअकरानंतरची. पंखा बंद, फ्रीज बंद.

दुसरा प्रश्न असा की टिपायचे कशावर? संगणकाची सोय मोठी, पण त्यात दोन खोडी आहेत. एक, त्याचा स्वतःचा पंखा. दुसरी अधिक सूक्ष्म. संगणक आवाज सलग न घेता लहान तुकड्यांत घेतो. एका सेकंदाचे ४४,१०० नमुने धरले आणि १,०२४ नमुन्यांचा तुकडा ठेवला, तर एका तुकड्याला सुमारे २३ मिलिसेकंद लागतात. जाण्याचे आणि येण्याचे मिळून ४६. म्हणजे हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज जणू सोळा मीटरवरून आल्यासारखा पोचतो. तुकडा लहान केला की विलंब घटतो, पण संगणकावर ताण येऊन मध्येच ‘टक् टक्’ ऐकू येऊ लागते. आवाज संगणकात न शिरता थेट हेडफोनला देणारी जोडपेटी मिळते, तिने हे दुखणे मिटते. तरीही मी जुना रेकॉर्डरच बाहेर काढला. त्याला पंखा नाही, पडदा नाही, मध्येच येणाऱ्या सूचना नाहीत. संगणक दुसऱ्या खोलीत ठेवला, दुसऱ्या दिवशीच्या काटछाटीसाठी.

एका बाबतीत मात्र मी चुकलो. थर द्यायच्या मोहाने मी तानपुरा आधी टिपला आणि ताईला तो हेडफोनमधून ऐकवत गायला बसविले. दोन्ही कान झाकलेले. चार ओळींत ती थांबली. म्हणाली, “हा आवाज माझा नाही, आणि सूर कुठे आहे तेच कळत नाही.” स्वतःचा आवाज आपण कानाने ऐकतो तसाच कवटीच्या हाडांतूनही ऐकतो, कान बंद झाले की तो तोल बिघडतो. शेवटी हेडफोन काढले, तिची शिष्या तानपुरा घेऊन शेजारी बसली आणि दोन्ही एकाच वेळी टिपले. अशा मुद्रणात नंतर तानपुरा वेगळा काढता येत नाही. पण गाणे आले.

आता मिडीविषयी, कारण अनेकजण त्याला ध्वनिमुद्रणाचाच प्रकार समजतात. १९८३ साली वेगवेगळ्या कंपन्यांची वाद्ये एकमेकांशी बोलावीत म्हणून ही भाषा ठरली. अमेरिकेचे डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी हे तिचे प्रमुख प्रवर्तक. मिडीत आवाज नसतोच. कोणती पट्टी, केव्हा, किती जोराने दाबली आणि केव्हा सोडली, एवढीच नोंद असते. आपल्या भाषेत सांगायचे तर मिडी म्हणजे प्रिस्क्रिप्शन. औषध त्या-त्या दुकानातले. म्हणून आख्ख्या गाण्याची मिडी फाइल काही किलोबाइटची असते, तर २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्झवर स्टिरिओ मुद्रण दर मिनिटाला सुमारे १७ मेगाबाइट घेते.

ताईच्या एका भावगीताला मी हौसेने मिडीवर साथ रचली होती. ऐकून ती म्हणाली, “गांधार चढा आहे.” बरोबरच होते. की-बोर्डावर सप्तकाचे बारा समान भाग असतात. त्यातला शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटवर बसतो, तर तानपुऱ्यात ऐकू येणारा स्वयंभू गांधार ३८६ वर. हा फरक गवयाला खुपतो. हार्मोनियमवरचा आक्षेपही काही अंशी हाच. ऑल इंडिया रेडिओने १९४० साली तिच्यावर घातलेली बंदी तीन दशके टिकली, ती मला जरा अतिरेकी वाटते. मिडीत सूर वाकविण्याचीही सोय आहे, १६,३८४ पायऱ्यांची. तिने गांधार उतरविता येतो, मींडही काढता येते. पण ती चित्रकाराने रेखाटल्यासारखी असते. ठेका, सराव, मुलींच्या गॅदरिंगची साथ, यांसाठी मिडी उत्तम. ताईच्या गळ्यासाठी ते माझ्या उपयोगाचे नव्हते. ती साथ मी काढून टाकली.

सहा रात्रींत अकरा गाणी झाली. शेवटच्या रात्री माझ्यातला डॉक्टर जागा झाला. मी ताईला नुसता ‘आ’कार लावायला सांगितला, मंद्रापासून, जिथवर सहज जाईल तिथवर. काळी पाचच्या षड्जावरून ती तार पंचमापर्यंत, म्हणजे सुमारे ७०० हर्ट्झपर्यंत, विनासायास गेली.

शस्त्रक्रिया उत्तम झाली, गाठ साधी निघाली, बोलणे चौथ्या दिवशी पूर्ववत झाले. गाणे मात्र झाले नाही. तीन महिन्यांनी तार गांधारापुढे आवाज फाटू लागे. कारण नसेचे, सुजेचे की भूलनळीचे, हे निश्चित ठरले नाही. स्वरोपचार करणाऱ्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला, “आधी कुठवर जात होता?” बहुतेक रुग्णांकडे याचे उत्तर आठवणीतले असते. आमच्याकडे ते फाइलमध्ये होते. त्याच खोलीत, त्याच माइकपुढे, तेवढ्याच अंतरावर दर महिन्याला तोच आकार आम्ही टिपत गेलो आणि संगणकाने कंप्रता मोजून दिली. आठव्या महिन्यात ती तार मध्यमावर स्थिरावली. पंचम परतला नाही. ताईने षड्ज काळी चारवर आणला आणि शिकवणी पुन्हा सुरू केली. जुनी अकरा गाणी ती ऐकत नाही. तिच्या शिष्या ऐकतात.

आपल्या संस्थेत कान-नाक-घसा तज्ज्ञ आहेत, शल्यचिकित्सक आहेत. गाणारा, शिकविणारा, कीर्तन करणारा रुग्ण थायरॉइडसाठी आला, तर शस्त्रक्रियेपूर्वी त्याचा दोन मिनिटांचा आकार मोबाइलवर का होईना, टिपून ठेवावा, एवढे सुचवितो. मोबाइल पुरतो, खोली शांत हवी, अंतर ठरलेले हवे आणि आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय बंद हवी.

फायली तीन ठिकाणी आहेत : घरच्या संगणकात, वेगळ्या डिस्कवर आणि पुण्याला भाच्याकडे. ज्यांच्या घरी जुन्या मैफलींच्या वा वडीलधाऱ्यांच्या आवाजाच्या कॅसेट पडून असतील, त्यांनी त्या जरूर आणाव्यात. फिती चिकटू लागतात, बुरशी धरते. फार थांबू नये. माझा कॅसेट डेक अजून चालतो. रविवारी सकाळी मी घरीच असतो.